खारा वारा लागला का?

आमच्या घरात रेडिओ आला तेव्हापासून आबांचं आणि हवामानाच्या अंदाजाचं पटलं नाही. आबा खोटं कधी म्हणाले नाहीत, फक्त एवढंच म्हणायचे, "त्यो सगल्या कोकनाचा सांगतो. आपल्या वाडीचा कोन सांगनार?"

वाडी म्हणजे हर्णे बंदराच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीतली पन्नासेक घरं. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. पावसाळा सरला की इथलं वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं. रात्री जमीन निवते, पहाटे मतलई समुद्राकडे वाहते. तिच्यावर होड्या बाहेर पडायच्या. दुपारी जमीन तापली की खारा वारा लागतो. त्याच्यावर शिडं भरून परत यायचं. इंजिनं आल्यावर ही गरज संपली, पण आबांची सवय राहिली. जेवण झालं की पडवीत बसून ते खाऱ्या वाऱ्याची वाट बघत.

10 नोव्हेंबर 2009, मंगळवार. दिवाळीला मी घरी आलेलो, तो अजून तिथंच होतो. रेडिओवर मच्छिमारांना इशारा होता. चुलतभाऊ, म्हणजे आमचा नाखवा, मला म्हणाला, "शिकलेला हायस ना, सांग बघू." मी ऐकलं, वारा पूर्वेकडून. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेचं, एवढं मला ठाऊक होतं. पूर्वेचा वारा म्हणजे आपली मतलईच की! किनाऱ्यावर पाणी तर तळ्यासारखं. मी म्हटलं, "जा बिनधास्त."

आबा पडवीतून म्हणाले, "दुपार टळली. खारा वारा लागला का?"

लागला नव्हता. मतलई मोडायची ती दिवसभर वाहत होती. "होडी लोटायची नाय," एवढंच बोलून ते उठले. नाखवा चरफडला. मीसुद्धा, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकत गेलं. मंगळवारी त्याला नावसुद्धा नव्हतं. बुधवारी 'फयान' झालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक खलाशी परतले नाहीत. आमच्या वाडीची एक होडी सोमवारीच गेली होती. ती दाभोळच्या खाडीत शिरून वाचली. जाळी मात्र गेली. ते चौघं घरी येईपर्यंत मी कुणाशी धड बोललो नाही.

माझं काय चुकलं ते पुढं पुस्तकात सापडलं. बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं 1857 मध्ये नियम मांडला: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला. पूर्वेच्या वाऱ्याला पाठ दिली की तोंड समुद्राकडे आणि डावा हात दक्षिणेला. वादळ तिकडूनच येत होतं. आणि पाणी शांत होतं ते डोंगराच्या आडोशामुळे. वारा जमिनीवरून सुटला की काठाशी लाट उठत नाही. जसजसं आत जावं तसतशी ती वाढते. काठावरून समुद्र बघणाऱ्याला हे कळायचं कसं?

आता मोबाईलवर अंदाज येतो. हवामान खात्याचं जागतिक प्रारूप 2025 पर्यंत साधारण 12 किलोमीटरचा चौकोन धरून हिशेब करायचं. त्या एका चौकोनात आमचा डोंगर, वाडी आणि बाहेरचा उघडा समुद्र, सगळ्यांना मिळून एक आकडा. तोही उघड्यावर 10 मीटर उंचीवरच्या सरासरी वाऱ्याचा; झोत वेगळा वाचायचा. पण वादळाची वाट हे लोक आता नेमकी सांगतात. 3 जून 2020 ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, ताशी 100 ते 110 किलोमीटरनं. आमच्याकडं माडसुपारी झोपली, कौलं उडाली, पण होड्या दोन दिवस आधीच वर ओढलेल्या होत्या. ती शाबासकी खात्याचीच.

नाखव्याचा मुलगा आता होडी चालवतो. पुण्याला मला फोन करतो, "काका, वारा पंधरा नॉट दाखवतंय, जाऊ का?" मी विचारतो कुठून, आणि झोत किती. मग तोच हसत सांगतो, "लागला, काका. दीड वाजताच लागला."