मधुमेह आणि दृष्टी : शंकेपासून पुराव्यापर्यंत



आजचा विषय वैद्यकातला आहे, पण आपण त्याच्याकडे इतिहास म्हणून बघणार आहोत. ‘मधुमेहामुळे डोळे बिघडतात, आणि साखर ताब्यात ठेवली तर ते वाचू शकतात.’ हे वाक्य आज कोणताही डॉक्टर एका दमात सांगतो. त्यातला पहिला अर्धा भाग पक्का व्हायला नव्वदएक वर्षं लागली, आणि दुसरा पक्का व्हायला इन्सुलिननंतर आणखी सत्तर. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ‘काय खरं आहे’ याइतकाच ‘ते खरं आहे हे कळलं कसं’ या प्रश्नात रस असतो. तेव्हा आज तेवढंच पाहू.

मधुमेह हा आजार आपल्याकडे फार जुना. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये त्याचं वर्णन आहे, आणि नावातच मध आहे. पण डोळ्याच्या आत काय चाललंय, हे जिवंत माणसात बघायची सोयच नव्हती. १८५१ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप जाहीर केला आणि डोळ्याचा मागचा पडदा प्रथमच नीट दिसू लागला. शरीरावर कुठेही चिरा न देता रक्तवाहिन्या थेट दिसाव्यात, अशी ही विलक्षण जागा. चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ट फॉन येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे बदल नोंदवले.

आता गंमत बघा. त्या काळचे नेत्रवैद्यकातले सर्वांत मोठे नाव म्हणजे बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे. मधुमेह हेच या बदलांचं कारण आहे याला पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ही शंका रास्त होती! वाढत्या वयानं, मूत्रपिंडाच्या विकारानंही पडदा बिघडतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. आपल्या परंपरेत कारण ठरवायची कसोटी आहे ती अन्वय-व्यतिरेकाची : हे असलं की ते असतं, आणि हे नसलं की तेही नसतं. इथे अन्वय होता, पण धूसर. व्यतिरेक तर नव्हताच.

मग पेच सुटला कसा? तर इन्सुलिनमुळे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, म्हणून जेम्स कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केलं आणि २३ तारखेला पुन्हा दिलं. या खेपेला मुलगा सुधारू लागला. त्याआधी अशी मुलं एक-दोन वर्षांत जात. डोळे बिघडायला वेळच मिळत नसे. आता ती जगली, शिकली, नोकरीला लागली. आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत रक्तस्राव होऊ लागले. इथे वयाला दोष देता येत नव्हता. १९४०च्या दशकात ग्लासगोचे बॅलन्टाइन आणि लोवेनस्टाइन यांनी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवर आलेले सूक्ष्म फुगे दाखवले. हा मधुमेहाचा स्वतःचा, वेगळा विकार आहे, हे आता मान्य झालं. म्हणजे इन्सुलिननं मरण लांबवलं, आणि त्यामुळेच आजाराचा उरलेला अर्धा चेहरा दिसला.

पुढचा प्रश्न जास्त अवघड. साखर ताब्यात ठेवली तर हे टळतं का? बॉस्टनचे इलियट जोसलिन आयुष्यभर सांगत राहिले : टळतं, आहार, व्यायाम, इन्सुलिन यांत शिस्त हवी. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय यांचं मत उलट. रुग्णाला बरं वाटतंय, वजन टिकून आहे, तर लघवीत साखर उतरली म्हणून त्याच्या मागे लागू नका. जोसलिन यांचं म्हणणं आपण आप्तवाक्य म्हणून मानलं असतं, तर पुढे ते बरोबरच ठरलं असतं. पण ठरणं पुढचं होतं. त्या वेळी कुणी विचारलं असतं, ‘शिस्त पाळणाऱ्यांचा आजारच मुळात सौम्य नसेल कशावरून?’, तर उत्तर नव्हतं. शिवाय मोजायचं कशानं? लघवीची तपासणी मागच्या काही तासांचं सांगते, वर्षांचं नाही.

डोळे मात्र थांबायला तयार नव्हते. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी एक नोंद प्रसिद्ध केली : बाळंतपणानंतर पिट्युटरी ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या पडद्यावरचा विकार ओसरला होता. एवढ्या आधारावर काही ठिकाणी रुग्णांची ही ग्रंथीच काढून टाकू लागले. डोळ्यांसाठी माणसं केवढी किंमत मोजायला तयार होती, हे यातून कळतं.

दुसरी वाट उजेडातून निघाली. १९४५च्या सूर्यग्रहणाकडे बघून एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला होता. तो व्रण पाहून जर्मनीतले मेयर-श्विकेराट यांच्या मनात आलं, हा चटका उपचार म्हणून का देऊ नये? आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, मग लेसर. बॉस्टनमध्ये बीथम आणि आयेलो यांना दिसलं की ज्या मधुमेही डोळ्यांत जुने व्रण आहेत, तिथे विकार कमी बळावतो. पण पुन्हा तोच प्रश्न : पुरावा?

१९७०च्या दशकात अमेरिकेत जो प्रयोग झाला, तो आपण नीट समजून घ्यावा असा आहे. सतराशेहून अधिक रुग्ण. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉन, दुसऱ्याला काही नाही. कोणता डोळा, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. वय तेच, रक्त तेच, शिस्त तीच. फरक फक्त उपचाराचा. व्यतिरेकाचं याहून शुद्ध उदाहरण सापडणं कठीण. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचार केलेल्यांत सुमारे ६ टक्के. १९७६ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले आणि ज्यांना जास्त धोका होता त्यांच्या दुसऱ्या डोळ्यावरही उपचार करायला मुभा दिली गेली. काहींच्या बाबतीत तोवर उशीर झालेला होता. कुणाला फसवलं नव्हतं. उत्तर खरोखरच कुणाला माहीत नव्हतं. पण त्या माणसांनी आपला एक डोळा शंकेच्या हवाली केला, म्हणून आपल्याला उत्तर मिळालं.

साखरेच्या प्रश्नाला उत्तर मिळायला मोजमाप हवं होतं. ते तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल राहबर यांच्या १९६०च्या दशकाच्या अखेरच्या शोधातून आलं. आपण ज्याला एचबीएवनसी म्हणतो, दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. मग १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. कडक नियंत्रणाच्या गटात, सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्यांमध्ये, विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. जोसलिन बरोबर होते. मात्र साखर अतिशय खाली जाण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. हेही त्याच प्रयोगानं सांगितलं. पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी आधीच्या चांगल्या वर्षांचा फायदा टिकला. शरीर जुना हिशेब विसरत नाही! १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासानं टाइप २ मध्येही नियंत्रणाचा उपयोग दाखवला, आणि रक्तदाब सांभाळणंही तितकंच मोलाचं ठरवलं.

आता हे सगळं आपल्या घरात आणू. हा विकार दुखत नाही. पडदा बिघडत असताना समोरचं अक्षर स्वच्छ दिसू शकतं. म्हणून चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. थेंब टाकून, बाहुली मोठी करून मागचा पडदा बघून घ्यावा लागतो. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर, कारण आजार कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत. पुढे साधारणपणे दरवर्षी, आणि मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर लवकर. बराच काळ वाढलेली साखर झपाट्यानं खाली आणायची असेल, तर आधी डोळे दाखवा. त्या काळात जुना विकार तात्पुरता बळावू शकतो. लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आज आहेत, पण ती आहे ती दृष्टी राखण्यात जास्त यशस्वी होतात, गेलेली परत आणण्यात कमी.

शंका घेणं हा बुद्धीचा धर्म आहे, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. पण शंकेचं निरसन झाल्यावरही ‘मला तर नीट दिसतंय’ म्हणत बसणं, ही शंका नाही, तो आळस आहे. ज्यांना उत्तर माहीत नव्हतं त्यांनी एक डोळा पणाला लावला. आपल्याला उत्तर माहीत आहे. आपल्याला द्यायचा आहे वर्षातला एक दिवस.