सेखमेतच्या मूर्ती (आमेनहोतेप तिसरा)

सेखमेतच्या मूर्ती हा प्राचीन इजिप्तमधील सिंहमुखी देवता सेखमेत हिच्या पाषाणमूर्तींचा विशाल समूह आहे. अठराव्या राजवंशातील राजा आमेनहोतेप तिसरा याने इ.स.पू. १४व्या शतकात त्या घडविल्या. त्यांची संख्या सातशेहून अधिक असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकाच देवतेच्या इतक्या मूर्ती एका राजाने का घडवाव्यात, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

‘सेखमेत’ या नावाचा अर्थ ‘सामर्थ्यवती’. मानवांनी बंड केले तेव्हा सूर्यदेव रा याने त्यांच्या संहारासाठी हिला धाडले. ती आवरेना, तेव्हा तांबड्या रंगाची बिअर भूमीवर ओतण्यात आली. ते रक्त समजून ती प्याली, धुंद झाली आणि मनुष्यजात वाचली, अशी कथा आहे. रोगराई पसरविणारी हीच देवता रोग बरेही करते, अशी श्रद्धा असल्याने तिचे पुजारी वैद्यकी जाणत. म्हणूनच या मूर्ती व्याधिनिवारणासाठी असाव्यात, असे काहींना वाटते. वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक बसलेली व एक उभी मूर्ती, अशी ही पाषाणातील स्तोत्रमाला होती, हे फ्रेंच अभ्यासक जाँ योयोत यांचे मत विशेष प्रसिद्ध आहे. अनेक मूर्तींवर देवीची निरनिराळी विशेषणे कोरलेली असल्याने या मतास बळ मिळते.

मूर्ती काळसर ग्रॅनोडायोराइट या कठीण दगडाच्या आहेत. बसलेल्या मूर्ती साधारण दोन मीटर उंच असून त्यांच्या हाती ‘आंख’ हे जीवनचिन्ह असते. उभ्या मूर्तींच्या हाती पपायरसच्या आकाराचा दंड दिसतो. मस्तकावर सूर्यबिंब व नाग असतो. स्त्रीदेहावर पशुमुख बसविणे सोपे नव्हे. पण चेहऱ्याभोवतीची आयाळ आणि लांब केशटोप यांनी तो सांधा असा झाकला आहे की विसंगती जाणवतच नाही.

बऱ्याच मूर्ती थीब्झच्या पश्चिम तीरावरील कोम अल-हेतान येथील राजाच्या स्मृतिमंदिरात होत्या. ‘मेम्नॉनचे पुतळे’ याच मंदिराच्या प्रवेशद्वाराशी उभे आहेत. भूकंपाने मंदिर कोसळले, पुढे त्याचे दगडही इतरत्र वापरले गेले. १९९८ पासून हुरिग सूरूझियान यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन व संवर्धन सुरू झाले. क्षारयुक्त भूजल दगड पोखरत असल्याने मूर्ती वेळीच बाहेर काढणे निकडीचे ठरले. कर्णकच्या मुत मंदिरातही शेकडो मूर्ती होत्या.

एकोणिसाव्या शतकात अनेक मूर्ती युरोपात गेल्या. लंडनचे ब्रिटिश म्युझियम व तुरीनचे इजिप्शियन संग्रहालय येथे त्यांचे मोठे संग्रह आहेत. कर्णकच्या प्ताह मंदिरातील एका अंधाऱ्या गाभाऱ्यात मात्र एक उभी मूर्ती आजही आहे. छतातील झरोक्यातून येणारा प्रकाश तिच्यावर पडतो.