दारफाळणीचा सण

यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचं 'योम किप्पूर' हे नाव आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत बसलं नाही. तिचा तो दारफाळणीचा सण. रेवदंड्याकडच्या आम्हा बेने इस्रायली यहुद्यांची जुनी रीत अशी : आदल्या संध्याकाळपासून कडकडीत उपास, पांढरे कपडे, दारं लावलेली, दुसऱ्या दिवशी अंधार पडेस्तोवर कुणाशी शिवाशीव नाही. मेलेली माणसं त्या रात्री घरी येतात आणि शिळ्या सणाला, म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी, परत जातात, असं ती सांगे.

मुंबईत मांडवीला सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं, 'शआर हारहमीम', दयेचं दार. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून, अशी घरोघरची कथा. त्याआधी आमच्याकडे ना सिनेगॉग, ना ग्रंथ. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधून रामबाम या यहुदी धर्मपंडितानं एका पत्रात लिहिलं होतं, हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यापलीकडे काही ठाऊक नाही. तो टोमणा आम्हालाच, असं काहीजण मानतात. असेलही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', एवढीच आमची गावातली ओळख होती.

पण याच रामबामनं पश्चात्तापाचे, तेशुवाचे, जे नियम लिहिले, त्यांतला सगळ्यात अवघड नियम आजीला गोष्टीच्या रूपात पाठ होता. देवाचा अपराध उपासानं फिटतो; शेजाऱ्याचा फिटत नाही. त्याची भरपाई करायची, वर त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. नाही म्हणाला तर तिघांना घेऊन पुन्हा जायचं, असं तीनदा. तरीही विरघळला नाही, तर दोष त्याचा. आजीच्या गोष्टीत एक तेली होता. एका विधवेला तो वर्षभर मापात मारत आला होता. सणाआधी तो तेलाची बुधली घेऊन तिच्या ओट्यावर तिष्ठत राहिला, आणि तिनं आधी तेल मोजून घेतलं, मग तोंड उघडलं. गोष्ट घडलेली की रचलेली, देव जाणे. मला ती मोजून घेणारी बाई फार आवडते. उपासाचं कौतुक सगळेच करतात, मापाचं कोण करतं?

पुढे नोकरीनं मला जयपूरला नेलं. एका भाद्रपदात आजी तिथं राहायला आली होती. दशलक्षण पर्व संपून दिगंबर जैनांची क्षमावाणी आली, आणि शेजारचे गृहस्थ हात जोडून दारात उभे राहिले. जाने-अनजाने काही चुकलं असेल तर क्षमा, म्हणाले. आजीनं चष्मा सारखा केला.

"काय के वास्ते?"

ते गोंधळले. मी मध्ये पडणार, तोच तिनं मला हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, की सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ते मोटर लावून आमचंही खेचतात.

"हां," आजी म्हणाली, "ये बात. किया माफ. अब कल से मोटर छे बजे के बाद."