कान्जिन

कान्जिन ही मध्ययुगीन जपानमधील बौद्ध मंदिरे व मूर्ती यांच्या निर्मितीसाठी भिक्षूंनी लोकांकडून देणग्या गोळा करण्याची प्रथा होय. आठव्या शतकात ग्योकी या भिक्षूने असे कार्य केले होते. तथापि राजदरबार व सरदार घराणी यांच्याकडे असलेला कलेचा आश्रय सामान्यांपर्यंत व्यापक प्रमाणावर पोहोचला तो कामाकुरा काळात.

११८० मध्ये ताइरा सैन्याच्या आक्रमणात नारा येथील तोदाइजी मंदिर जळाले. पुढील वर्षी, साठीच्या उंबरठ्यावरील चोगेन यांच्याकडे पुनर्निर्माणाचे काम आले. त्यांनी देशभर देणग्या मागितल्या आणि चिनी ओतारी चेन हेचिंग यांच्या साहाय्याने महाबुद्धाची कांस्यमूर्ती दुरुस्त करविली. योद्ध्यांचा नेता मिनामोतो नो योरितोमो यानेही मोठे साहाय्य केले. दक्षिण महाद्वारातील ८ मीटरहून उंच दोन द्वारपालमूर्ती उन्केई, काइकेई व सहकाऱ्यांनी १२०३ मध्ये सुमारे ७० दिवसांत घडविल्या. लाकडाचे स्वतंत्र भाग कोरून ते जोडण्याच्या तंत्रामुळेच हा वेग शक्य झाला.

दात्यांची नावे मूर्तीच्या पोकळीत ठेवीत. गेन्ची या भिक्षूने गुरू होनेन यांच्या निधनानंतर १२१२ मध्ये करविलेली अमिताभाची मूर्ती जेमतेम मीटरभर उंच आहे. तिच्या पोटात मात्र सुमारे ४६,००० नावे सापडली.