वेल परदेशी, वर्ष नाशिकचं

नाशिकची द्राक्षं आणि नाशिकची वाइन यांचं नातं आपण समजतो तितकं जवळचं नाही. निफाड-दिंडोरीच्या बागांतून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांपैकी बरीचशी थॉम्पसन सीडलेसच्या घराण्यातली. आशियातल्या किशमिशी वेलीला कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसनचं नाव मिळालं. हीच जात महाराष्ट्रात रुजल्यावर तिच्यातून तासगावकडे तास-ए-गणेश निघालं आणि सोलापूरकडे सोनाका. पातळ साल, मोठा मणी, बी नाही. खायला याहून चांगलं द्राक्ष नाही. वाइनला मात्र लहान मणी आणि जाड साल हवी, कारण रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतूनच उतरतो.

म्हणून वाइनसाठी वेली बाहेरून आणाव्या लागल्या. 1980च्या दशकात नारायणगावच्या शँपेन इंडेजने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी पाठवली होती. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी 1997 साली गंगापूर धरणाच्या परिसरात सॉव्हिन्यों ब्लां आणि शनँ ब्लां लावल्या. सोबत कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की होते. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ नाव ठेवलं आणि 2000 साली पहिल्या बाटल्या आल्या. पुढे झिनफँडेल, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों आल्या. निफाडच्या रेव्हिलोने तर इटलीच्या सिसिली बेटावरच्या ग्रिलो आणि नेरो दाव्होला लावल्या.

जगाच्या वाइन शिकायच्या असतील तर देशांच्या नावांआधी या वेलींची कुळं शिकावीत, असं माझं ठाम मत आहे. सामंत यांनी नाशिकमध्ये वेली लावल्या त्याच वर्षी, 1997 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दाखवून दिलं, की लाल कॅबर्ने सॉव्हिन्यों ही लाल कॅबर्ने फ्रां आणि पांढरी सॉव्हिन्यों ब्लां यांची संतती आहे. नाशिकच्या सॉव्हिन्यों ब्लांचा पेला हुंगा, मग कॅबर्नेचा हुंगा. दोन्हींत ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास सापडू शकतो, कारण तो ज्या द्रव्यांमुळे येतो ती या सगळ्या कुटुंबात उतरली आहेत. झिनफँडेल अमेरिकन म्हणून मिरवत होती. तिचं मूळ 2001च्या सुमारास क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या वेलीत सापडलं.

मुळं आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेल्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या, तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच डोळे बांधून बागा वाचवल्या गेल्या. महाराष्ट्रातही बाग खुंटावर उभी राहते, पण आपलं कारण पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन हे होतं. त्यासाठी बागायतदारांनी धरलेला डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा.

एवढं सगळं परकं असताना नाशिकचं काय, तर वर्ष. फ्रान्समध्ये थंडी वेलीला झोपवते, वसंतात ती फुटते आणि सप्टेंबरच्या आसपास घड उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तेव्हा इथल्या बागायतदाराने तिला कात्रीने ऋतू दिले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, जेमतेम एखाद-दुसरा डोळा ठेवायचा. उन्हाळ्यात नवी काडी वाढते आणि तिच्या डोळ्यांच्या आत, बाहेरून दिसणार नाही असा, पुढच्या घडाचा सूक्ष्म आकार तयार होतो. पावसाळा काडी पिकवण्यात जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करून तेच डोळे फोडायचे. घड पावसाळ्यात आणला असता तर डाऊनी बुरशीने खाल्ला असता. असा तो थंडीत वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पिकतो. हे तंत्र खाण्याच्या द्राक्षावर घडलं आणि पुढे वाइनच्या परदेशी जातींना जसंच्या तसं लागू झालं. वाइनच्या इतिहासात याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

या तंत्राची मोठी गंमत म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला असूनही नाशिकचा हंगाम दक्षिण आफ्रिकेशी जुळतो. शनँ ब्लां मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण आज सर्वांत जास्त आहे ती दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या केपमधली पहिली वाइन 2 फेब्रुवारी 1659 रोजी गाळल्याची नोंद केपच्या डच वसाहतीचा प्रमुख यान व्हान रिबेक याच्या रोजनिशीत आहे. फेब्रुवारीत नाशिकच्या कारखान्यांतही गाळपाची धांदल असते. फरक उन्हाचा. फेब्रुवारीनंतर आपलं ऊन चढतं, साखर वाढते, आंबटपणा झपाट्याने उतरतो. चांगली शनँ हवी असेल तर तोडणीचा दिवस अचूक धरावा लागतो.

2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क केलं. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन जागा सांगतं आणि बाटलीवरचं साल तोडणीचं असतं. माझी मागणी एवढीच, की मागच्या चिठ्ठीवर फळछाटणीचा महिनाही छापावा. 2024च्या बाटलीतल्या वाइनची वेल बहुतेकदा 2023च्या सप्टेंबरात छाटलेली असते, आणि घडाने किती थंडी पाहिली हे शिकणाऱ्याला तिथूनच कळेल.