पाटलांना पाडणारी भित्तिपत्रके

लोकांना राजकारणाचा वीट येतो तो निंदेच्या प्रचारामुळे, असे मीही मानत होतो. 1967 ची दक्षिण मुंबईची लढत अभ्यासताना ही समजूत डळमळली. स. का. पाटील केंद्रीय मंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा. परमेश्वरही आपल्याला पाडू शकणार नाही, असे ते म्हणाल्याचे सांगतात. जॉर्ज फर्नांडिसांच्या भित्तिपत्रकांनी नेमके उलट सांगितले: तुम्ही पाटलांना हरवू शकता. रोख पाटलांवरच, पण वाक्याचा कर्ता मतदार! पाटील सुमारे 30 हजार मतांनी पडले.

वीट यायला कारणे वेगळी घडली. जुलै 1979 मध्ये याच जॉर्जनी लोकसभेत मोरारजी सरकारची घणाघाती बाजू मांडली आणि काही दिवसांतच मंत्रिपदाचा राजीनामा दिला.