इलिश की कोळंबी?

चकली-चिरोट्यांच्या ताटापुढे बसून मासळीच्या गोष्टी काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या वेडाविषयी आज लिहावयाचे आहे ते पाहायचे तर प्रथम मासळीबाजारातच जावे लागते, त्याला माझा इलाज नाही. कलकत्त्यात ईस्ट बंगाल क्लबाने मोहन बागानला फुटबॉलमध्ये हरविले की बाजारात इलिश माशाचा भाव चढतो. मोहन बागान जिंकले की मोठी कोळंबी महागते. इलिश ही पद्मेच्या काठच्या, म्हणजे पूर्व बंगालातल्या लोकांची आवड, कोळंबी पश्चिमेकडच्यांची. पूर्वेकडचे ते ‘बांगाल’, पश्चिमेकडचे ते ‘घोटी’. घोटी म्हणजे आपला लोटा. अर्ध्या प्रांताला लोटा का म्हणावे, याचे कारण प्रत्येक बंगाली गृहस्थ निराळे सांगतो. खरे म्हणाल तर दोन्हीकडचे लोक दोन्ही पदार्थ आवडीने खातात. पण सामन्याच्या दिवशी तसे कबूल करणारा मला भेटला नाही.

नोकरीने मला १९७४ साली कलकत्त्यास नेऊन टाकले आणि सात वर्षे ठेवून घेतले. (शहराचे नाव २००१ पासून कोलकाता झाले आहे, मी जुन्या सवयीने कलकत्ताच म्हणतो, वाचकांनी क्षमा करावी.) पहिल्याच दिवशी कचेरीतल्या हेडक्लार्कांनी, ज्यांना सारेजण बडोबाबू म्हणत, मला विचारले, “मोशाय, आपण कुठले?”

“साताऱ्याचा,” मी म्हटले.

“ते कळले हो. क्लब कोणता?”

साताऱ्याच्या माणसाला क्लब म्हणजे पत्ते कुटण्याची जागा. मी कोल्हापूरचा असतो तर प्रश्न तत्काळ कळला असता. तेथे तालमी-तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि आपल्या पेठेच्या संघासाठी माणसे घसा फोडून घेतात. मी आपला गप्प बसलो. बडोबाबूंनी माझी गणना तूर्त अनाथांत केली आणि माझे शिक्षण आरंभले. पुढे जे लिहितो आहे त्याला पाया त्या शिक्षणाचा, आणि नंतरच्या वाचनाचा.

मोहन बागान हा वडील. १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यातील मित्र, बसू, सेन अशा मातब्बर घराण्यांच्या आश्रयाने तो निघाला. त्याचे नाव देशभर झाले ते १९११ साली. वंगभंगाची जखम ताजी होती, लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, आणि अशा वेळी २९ जुलै रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात अकरा बंगाली तरुण ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांपुढे उभे राहिले. अकरांपैकी दहा अनवाणी. एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट. सामना पाहण्यास ढाक्याबारिसालपासून लोक लोटले. जादा गाड्या सोडाव्या लागल्या. ज्यांना मैदान दिसेना त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलांची खबर दिली जात होती, असे त्या वेळचे वर्णन आहे. पहिला गोल गोऱ्यांनी केला. मग कप्तान शिबदास भादुरीने बरोबरी साधली आणि शेवटच्या काही मिनिटांत अभिलाष घोषने दुसरा गोल केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वंगभंग रद्द झाला आणि राजधानीही दिल्लीस गेली. गोलाचा आणि राजधानीचा संबंध इतिहासकार मानणार नाहीत. बडोबाबू मात्र मानत. आणि बडोबाबू तर ईस्ट बंगालवाले!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या अकरांपैकी कित्येकांचे मूळ घर पूर्व बंगालात होते. म्हणजे घोटींच्या दैवतांपैकी निम्मे-अधिक बांगाल! तेव्हा कोणी ते मोजलेच नाही.

मोजायला सुरुवात झाली १९२० मध्ये. २८ जुलैला जोडाबागान क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. शैलेश बोस नावाच्या चांगल्या खेळाडूला जोडाबागानने वगळले. तो पूर्वेकडचा म्हणूनच वगळला, असा सुरेशचंद्र चौधुरींचा ग्रह झाला. चौधुरी हे जोडाबागानचे उपाध्यक्ष आणि स्वतः पूर्वेकडचे जमीनदार. त्यांनी राजीनामा फेकला आणि चारच दिवसांत, १ ऑगस्टला, ईस्ट बंगाल क्लब उभा केला. लाल-सोनेरी रंग ठरला. मोहन बागानचा हिरवा-तांबूस. २८ मे १९२५ रोजी कलकत्ता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली आणि नेपाल चक्रवर्तीच्या एकुलत्या गोलावर धाकट्याने वडिलास हरविले. रुसवा एका जागेवरून आला होता, पण जन्मभर पुरला. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून असेच होते.

तरीही १९४७ पर्यंत ही चुरस खेळाची होती. गोष्ठ पालांचे उदाहरण घ्या. अनवाणी खेळून गोऱ्यांच्या बुटांना न हटणारा हा मोहन बागानचा बचावपटू. त्याला ‘चीनची भिंत’ म्हणत. १९६२ साली पद्मश्री मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. कलकत्त्याच्या मैदानालगत त्याचा पुतळा आहे, रस्त्याला नाव आहे. तो जन्मला कुठे? फरिदपुरात, पूर्व बंगालात.

फाळणी झाली आणि सारेच पालटले. सियालदा स्टेशनावर गाड्यांमागून गाड्या भरून माणसे उतरली. जादवपूर, विजयगड, आझादगड अशा वसाहती शहराच्या दक्षिणेला उठल्या. बडोबाबू बारिसालहून आले तेव्हा पंचविशीच्या आतले होते. विजयगडला बांबूच्या झोपडीत राहत आणि वसाहतीतल्या एकुलत्या एका रेडिओभोवती सामन्याची धावती हकीगत ऐकत. शहरातले जुने रहिवासी त्यांच्या बोलीला हसत, दुकानदार हेल ओळखून भाव सांगत. पण शनिवारी त्याच शहराच्या मधोमध हजारो माणसे त्यांच्या मुलुखाचे नाव घेऊन ओरडत. ते सांगत, “मोशाय, पुढे १९५५ साली पाकिस्तानने आमच्या प्रांताचे नाव बदलून पूर्व पाकिस्तान केले. नकाशात शोधले तर सापडेना. मी म्हटले, मैदानावर जाऊन येतो.”

क्लबाचे नशीबही असे की नेमक्या त्या पडत्या काळात त्याचा संघ अजोड निघाला. अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, सालेह आणि अहमद खान हे पुढच्या फळीतले पाच जण. लोक त्यांना ‘पंचपांडव’ म्हणत. १९४९, ५० आणि ५१ अशी लागोपाठ तीन वर्षे शील्ड त्यांनी आणली. १९४९ साली तर लीग आणि शील्ड जिंकून ते मुंबईस आले आणि रोव्हर्स कपही घेऊन गेले. आता गंमत पाहा. या पाचांपैकी बंगाली एकही नाही! सारे दक्षिणेकडचे. पद्माकाठच्या निर्वासितांचा अभिमान आंध्र, केरळ आणि बंगळूरच्या पोरांनी सांभाळला, आणि त्यात कोणा निर्वासिताला काही वावगे वाटले नाही. मला हा भाग सगळ्या कथेत फार आवडतो. अंगात लाल-सोनेरी सदरा घातला की माणूस बांगाल!

तिकीट न मिळालेल्यांची सोय फोर्ट विल्यमच्या उतारावर होई. गर्दीच्या मागे उभे राहून पाहायचे तर पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसविलेली दुर्बीण मिळे. ती डोळ्याला लावून मीही एक सामना पाहिला. अर्धा वेळ दिसल्या त्या पुढल्याच्या छत्रीच्या काड्या.

३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डचा अंतिम सामना झाला. ईस्ट बंगाल पाच, मोहन बागान शून्य. आमचे घरमालक घोटी. त्यांच्या घरी रात्री चूल पेटली नाही. सांगतात की मोहन बागानचे काही खेळाडू लोकांच्या रोषाला भिऊन गंगेत नावेवर रात्रभर बसून राहिले. येथवर हसता येते. पण मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने या पराभवापायी प्राण दिला, आणि पुढल्या जन्मी मोहन बागानकडून खेळून याचा वचपा काढीन, असे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी बडोबाबूंनी कचेरीत मिठाई वाटण्यासाठी आणलेली पेटी दुपारी ती बातमी कळताच खणात ठेवून दिली. ती पेटी त्यांनी पुढे काय केली, मी विचारले नाही.

आणि मग १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता. गॅलरीत दोन्हीकडचे लोक सरमिसळ बसलेले. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, पंचांनी दोघांना बाहेर काढले, आणि गॅलरीत हाणामारी उसळली. पळापळीत माणसे माणसांच्या खाली आली. सोळा जण मेले. सामना बरोबरीत सुटला, एकही गोल झाला नाही. बडोबाबूंचा धाकटा मुलगा त्या दिवशी गेला होता. रात्री अकराला तो घरी पोचला, एका पायात चप्पल नव्हती. गल्लीतल्या एका अनोळखी घोटी मुलाने त्याला हाताला धरून बाहेर काढले, असे तो सांगत होता. दुसऱ्या दिवशी बडोबाबू मला म्हणाले, “आमच्या वेळी घर गेलेले असायचे, म्हणून आम्ही ओरडायचो. या पोरांचे काय गेले आहे?” मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. त्या सोळांच्या स्मरणार्थ दर वर्षी १६ ऑगस्टला कलकत्त्यात रक्तदान होते आणि दोन्ही क्लबांचे लोक शेजारी-शेजारी आडवे पडून रक्त देतात.

१९८१ मध्ये मी महाराष्ट्रात परतलो. पुढचे दुरून पाहिले. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये फेडरेशन कपचा उपान्त्य सामना पाहण्यास १,३१,७८१ माणसे आली. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी आधी आठवडाभर प्रतिपक्षाच्या खेळाडूंना चिडविणारी नावे ठेवली होती. त्यांतल्याच बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले. नंतर भांडवलदार आले, क्लबांच्या नावांना शेपटे लागली, चाहत्यांनी स्वतःच्याच क्लबाविरुद्ध मोर्चे काढले. ते सगळे येथे सांगत बसत नाही.

ऑगस्ट २०२४ चे मात्र सांगितले पाहिजे. ९ तारखेला कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. शहर पेटले. १८ तारखेला ड्युरँड कपमध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना ठरलेला होता. बंदोबस्ताचे कारण सांगून तो आदल्या दिवशी रद्द करण्यात आला. तरी लोक आले. सॉल्ट लेकच्या बंद स्टेडियमबाहेर लाल-सोनेरी आणि हिरवे-तांबूस झेंडे एकत्र आले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. न्याय मागणारी एकच आरोळी तिघांनी दिली. पोलिसांनी लाठ्या चालविल्या. त्या दिवशीचे एक छायाचित्र माझ्या नातवाने मला दाखविले: मोहन बागानच्या सदऱ्यातल्या मुलाच्या खांद्यावर ईस्ट बंगालच्या सदऱ्यातला मुलगा बसला आहे, आणि दोघांची तोंडे ओरडताना उघडी आहेत. नातू म्हणाला, “आजोबा, यांतला आपला कोणता?”

न खेळलेल्या त्या सामन्याबद्दल दोन्ही संघांना एकेक गुण देण्यात आला.